परवान्याला लावलेलं कुंकू

आमच्या घरात एक ठासणीची बंदूक होती आणि तिचा एक सरकारी कागद होता. बंदुकीची भीती कुणाला वाटत नसे. कागदाला मात्र सगळे घाबरून असत.

माझं माहेर मोगलाईत, जालन्याच्या पलीकडं. निजामाच्या मुलखाला इकडं मोगलाईच म्हणत. तिथं मारुतीच्या देवळात एक पंतोजी शाळा घेत, त्या शाळेत मी अडीच वर्षं गेले. मग वडील वारले आणि शाळा सुटली. वडिलांनी एकदा कुणाच्या तरी भांडणात साक्षीदार म्हणून कागदावर आपलं नाव लिहून दिलं होतं. त्यानंतर दोन वर्षं कचेरीचं बोलावणं आलं की त्यांना बारा कोस चालत जावं लागे. अशाच एका खेपेत भर पावसात भिजून आले, ताप भरला, आणि त्यातच गेले. आई म्हणायची, "नाव लिहिलं तिथंच सगळं फसलं." सरकारी कागदावर नाव जाणं म्हणजे काय, हे मी तेव्हापासून जाणून होते.

माझ्या मामानं माझं लग्न बुऱ्हाणपूरकडं लावून दिलं. सासरच्यांनी काही मागितलं नाही. मामा सांगायचा, बापाविना पोरीला असं घर मिळत नाही. ते खरंच होतं आणि मी ते कधी विसरले नाही. पण दोन गाड्या बदलून, वाटेत एक मुक्काम करून मी त्या घरी पोचले तेव्हा इतकी लांब आले होते, की कुणी परत जा म्हटलं असतं तर वाट सापडली नसती. म्हणून मी सगळ्यांची मर्जी सांभाळून राहायची. घरधनी कापसाच्या हंगामात दूर जिनिंगला कामाला असत, दसऱ्याच्या सुमारास घरी नसत. सासूबाई वाईट नव्हत्या, तरी काही बिनसलं की म्हणत, "मोगलाईतली हाय ती, तिले आपल्याकडचं काय ठाऊक."

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, बुऱ्हाणपूर शहरापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मागं रान. जिथं आता कागदाचा मोठा कारखाना उभा आहे, त्या अंगानं तेव्हा रानडुकरं उतरायची. टेकडीला लागून आमचं चांगलं वावर होतं, त्यात ज्वारी. वर्षाचं खाणं त्या एका वावरावर. ज्वारी दाण्यात आली की डुकरं येत, आणि ती हटायची फक्त बंदुकीच्या आवाजाला. बंदूक गेली की वावर गेलं, हे घरातल्या लहान पोरालाही कळत होतं.

बंदूक आजेसासऱ्यांच्या वेळची. पुढं कायदा आला की ज्याच्याकडं हत्यार त्यानं परवाना घ्यावा. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, बेत होता की बंदूक कडब्याच्या गंजीत घालावी आणि गप्प बसावं. पण त्यांचे धाकटे भाऊ शहरात मास्तर होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणू लागले. काकांनी भावाला समजावून, हाताला धरून कचेरीत नेलं, पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना काढून दिला. त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली होती, पण मामंजींच्या पोटात ती अजून होती. ते म्हणत, "सरकारनं बंदूक दिली नाही. बंदूक कोणाच्या घरात हाय ते आपल्याले ठाऊक राहावं म्हणून सरकारनं कागद दिला. कागद नव्हता तोवर बंदूक माझी होती."

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. तशी रीत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंकडं बघून म्हणत, "पोरीले म्हणा, बैलांना पेंड भिजवून ठेव." मी समोरच उभी असे, तरी सासूबाईंनी ते पुन्हा सांगितल्याशिवाय मी हलत नसे.

माझं लग्न होऊन पहिलाच दसरा आला. सकाळी मामंजींनी पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला आणि मधोमध बंदूक ठेवली. मग ते गड्यांबरोबर बैल धुवायला नदीवर गेले. पूजेचं बाकीचं माझ्याकडं होतं. माझ्या माहेरी दसऱ्याला पाटीची पूजा. एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिच्यापुढं पाटी, पंचांग, घरात असतील ते कागद ठेवायचे. वडील म्हणत, ज्यावर अक्षर आहे ते सगळं आज देव्हाऱ्यात. सासरी पाटीही नव्हती आणि पुस्तकही नव्हतं. मला फार चुकल्यासारखं वाटलं. सासूबाईंच्या पेटीत बंदुकीचा कागद असतो हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी दागिने काढायला पेटी उघडीच होती. मी कागद काढला, बंदुकीशेजारी उलगडून ठेवला. फुलानं पाणी शिंपडलं. हळद वाहिली. मग कुंकू ओलं करून बोट भरलं. ते कुठं लावावं याचा विचार केला, तो अजून आठवतो. वर छापलेलं होतं, मध्ये इंग्रजी लिहिलेलं होतं, आणि खाली साहेबाची सही, लांबलचक, शेवटी वळसा घेतलेली. मला वाटलं, सगळ्या कागदात मानाची जागा हीच. तिथं मी चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं.

कागद वाळला, मी घडी घालून पेटीत ठेवून दिला. घरात अक्षराची पूजा झाली म्हणून दिवसभर मला बरं वाटत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी कोतवाल, म्हणजे गावचा सरकारी चाकर, येऊन सांगून गेला की ज्यांच्याकडं हत्यारं आहेत त्यांनी साल संपायच्या आत परवाने दाखवून नवे शिक्के घ्यावेत. मामंजींनी पेटी उघडवली. कागद उलगडला आणि ते जे उभे राहिले ते उभेच. कुंकवाखाली शाई फुटून सही गेली होती. शिंपडलेल्या पाण्यानं बंदुकीच्या नंबराचे आकडे एकमेकांत वाहून गेले होते.

"हे कोणी केलं?"

सासूबाई म्हणाल्या, "म्या नाही."

घरात अजून कोण होतं? मी पदर पुढं ओढून म्हटलं, "मी. पूजा केली."

"कागदाची?"

"आमच्याकडं करतात."

मामंजी कागद उजेडात धरून बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले, "कोणी सांगितलं होतं का इले? विचारा. कोणी शिकवून पाठवलं का?"

तो प्रश्न माझ्या काळजात रुतला.  मला कोण शिकवून पाठवणार? पण त्यांच्या बाजूनं बघितलं तर मी परक्या मुलखातून आलेली, सहा महिन्यांची सून. आणि माझ्या हातून नेमका तोच कागद बिघडला होता.

मामंजींनी यावर काढलेला उपाय असा. शहरात कळता कामा नये, धाकट्याला तर मुळीच नाही. सासूबाईंकडून निरोप आला, "तुले लिहिता येतं ना? मंग पुसलेलं गिरवून दे म्हणतात."

"सासूबाई, ते इंग्रजी आहे."

सासूबाई आत जाऊन विचारून आल्या. "ते म्हणतात, लिहिता येतं त्याले काय इंग्रजी नि काय मराठी. रेघाच तर हायेत."

मला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण कागदाच्या पाठीवर मागच्या सालच्या शिक्क्याशेजारी तीच सही लहान आकारात होती. मामंजींनी कागद माझ्यापुढं पाटावर ठेवला आणि ते ओट्यावर जाऊन बसले.  असल्या कागदाला हात लावला तर बेडी पडते हे मला ठाऊक होतं. आणि हात लावला नाही तर बंदूक जाणार, ज्वारी जाणार, आणि मग त्या घरात मी कोणत्या तोंडानं भाकरी खाणार होते? मी सासूबाईंना म्हटलं, आधी सराव करते, शाई वाया नको जायला.

तीन दिवस मी भांडी घासताना राखेत ती सही काढली. पहिल्या दिवशी वेडीवाकडी. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती लिहायची नाही, रांगोळीसारखी काढायची, हात न उचलता. तिसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यासमोर सडा घातला, चिमटीत रांगोळी घेतली आणि ठिपक्यांच्या ऐवजी साहेबाची सही काढली. एका दमात, शेवटच्या वळशासकट. कागद शेजारी ठेवून ताडून पाहिली. तीच होती. मला, देवाशपथ, आनंद झाला.

मामंजी मागं उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. त्यांनी आधी रांगोळीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. मग पायानं ती सही पुसून टाकली. पुरती गेली की नाही ते वाकून बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"पुन्हा काढू नको. आणि येते म्हणून कोणाले सांगू नको."

त्यांनी कागद उचलून नेला. त्याच दिवशी पेटीची किल्ली सासूबाईंच्या जुडग्यातून निघून त्यांच्या कमरेच्या करदोट्याला गेली. सासूबाईंना राग आला, पण तो माझ्यावर. "आजवर किल्ली माझ्याजवळ होती. तुझ्या पायी गेली. म्हणतात, जी साहेबाची सही काढते ती उद्या कोणाचीही काढल. माझा अंगठाच बरा म्हणतात, तो कोणाले काढता येत नाही."

दोन दिवस तसेच गेले. ज्वारीची कणसं भरत आली होती. तिसऱ्या दिवशी मामंजींनी गाडी जुंपायला सांगितली. भावाकडं जायचं. बंदूक गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवली, आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरीले सोबत घ्या."

"तिचं काय काम?"

"तो लिहिल. ही वाचल. सरकारचा पगार खातो तो, काय लिहिल त्याचा काय भरवसा?"

माझ्यावर विश्वास होता म्हणून मला नेत नव्हते, हे मला कळत होतं. भावावरचा अविश्वास माझ्यावरच्या अविश्वासापेक्षा जुना होता, एवढंच. मी गोधडीवर बसले. खाली बंदूक रुतत होती. तापीच्या काठानं येऊन, गावकुसाच्या दरवाजातून आम्ही शहरात शिरलो तेव्हा मला वाटत होतं, दोन्हीकडची माणसं माझ्या बुडाखालीच बघताहेत.

काकांच्या घरी अंगणात नळ होता. मामंजींनी हातपाय धुतले, पण नळाच्या पाण्यानं नाही. गाडीतून आणलेल्या घागरीच्या पाण्यानं.

काका हसून म्हणाले, "दादा, नळ चावत नाही."

"तुझा नळ दुसऱ्याच्या हातात. त्यानं तिकडं मुंडी पिळली की तू इकडं कोरडा."

"आणि तुमची विहीर आटली म्हणजे?"

"आटली तर आटली. माझी विहीर माझ्यावर रुसली, कोणाच्या हुकमानं नाही आटली."

मग कागद काढला. काकांनी तो पाहिला आणि आधी हसले, मग हसू आवरलं. "यात काय आहे एवढं? अर्ज द्यायचा. खरं झालं ते लिहायचं. कचेरीत सगळ्याची नोंद असते, नवा कागद मिळतो. दादा, तुम्ही लोक सरकारला वाघ समजता. अहो, दिवाबत्ती, दवाखाना, शाळा, कुणाच्या जिवावर चाललं आहे?"

"तुझं चाललं आहे. माझ्या वावरात कोण दिवा लावतो?"

"त्या वावरासाठीच तर परवाना दिला ना?"

"दिला नाही. माझंच मले वापरू दिलं. दरसाल विचारायचं, वापरू का, वापरू का. मी काय त्याचा सालदार हाय?"

काकांचाही आवाज चढला. "दादा, तुमच्या गावात सरकार पोचत नाही म्हणून सगळे मोकळे आहेत असं तुम्हांला वाटतं. विचारा या पोरीला. मोगलाईतल्या तिच्या आईला एक कार्ड लिहायचं झालं तर ती किती जणांना विचारते? सरकार वर्षातनं एकदा विचारतं. तुम्ही रोज."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी खाली मान घालून चटईची काडी उपसत बसले. काका माझ्या बाजूनं बोलले होते, तरी मला त्यांचाच राग आला. त्या वादात मला ओढण्याची काही गरज नव्हती. शिवाय ते खरं होतं. लग्नानंतर मी आईला दोनच कार्डं पाठवली होती, आणि दोन्ही आधी वाचून दाखवली होती.

काकांनी अर्ज लिहिला. कचेरीची भाषा हिंदी, पण अक्षरं आपलीच. वाळू टाकून शाई टिपली आणि कागद मामंजींपुढं धरला. मामंजींनी तो घेतला, सासूबाईंकडं दिला, सासूबाईंनी माझ्याकडं.

"वाच म्हणा."

मी वाचायला लागले. नाव, गाव, बंदूक ठासणीची, परवाना अमुक. पुढची ओळ डोळ्यांनी आधीच वाचली आणि मी थांबले. तिथं लिहिलं होतं, "घर की बहू की नादानी से कागज खराब हुआ." आणि बहू म्हणजे कोण ते कळावं म्हणून पुढं माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं गाव, सगळं.

ती ओळ मी गाळू शकले असते. तिथं वाचणारी मी एकटी होते. काका आत पान लावायला गेले होते. मामंजींना अक्षर येत नव्हतं. पण मग माझं नाव तसंच कचेरीत गेलं असतं. आणि गाळलं ते पुढं कळलं असतं तर सही काढणारी हीच, ओळी खाणारीही हीच, असं झालं असतं. मी वाचलं. आवाज फुटत नव्हता तरी नावासकट वाचलं.

"पुन्हा वाच म्हणा."

मी पुन्हा वाचलं.

मामंजींनी काकांना हाक मारली. "हे सुनेचं काढ."

"का? तेच तर खरं आहे. बाईमाणसाची चूक म्हटलं की सोडून देतात."

"काढ म्हणतो ना. म्या लावलं कुंकू. असं लिही."

"दादा, खोटं कशाला?"

"खरं घरात बोलायचं. कचेरीत पुरल तेवढंच. घरातल्या बाईचं नाव त्यांच्या दप्तरात कायले पाहिजे?"

काकांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली, मग चिडून नवीन कागद घेतला आणि अर्ज पहिल्यापासून उतरवला. तोही मला वाचायला लावला. तो वाचताना माझा आवाज नीट आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी. आम्ही दोघी बायका बाहेर निंबाखाली गाडीत. कारकून व्हरांड्यातच टेबल टाकून बसला होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. त्यानं परवाना उलगडला आणि शेजारच्याला दाखवला.

"क्यों बाबा, कागज का ब्याह कर दिया क्या?"

शेजारचा हसला. काकाही थोडे हसले. मामंजी हसले नाहीत.

"किसने लगाया ये?"

"म्या लावलं."

"तुमने? कुंकू तो औरतें लगाती हैं."

"दसऱ्याले आम्ही सगळ्यांले लावतो साहेब. कुऱ्हाडीले, फाळाले. तलवारीले काय बाया लावतात?"

कारकुनाची मान वर झाली. "तलवार भी है घर में?"

"नाही, नाही. बोलायची पद्धत साहेब." मामंजींच्या कपाळाला घाम आलेला मला गाडीतून दिसला. आयुष्यात पहिल्यांदा ते सरकारशी आपणहून बोलायला गेले होते आणि दुसऱ्याच वाक्याला फसले होते.

"बंदूक और कागज किसी और के हाथ में तो नहीं जाते? सच बोलो. परवाना तुम्हारे नाम का है."

 काका मामंजींच्या शेजारी उभे होते. काल खरं बोला खरं बोला म्हणणारे काका आपल्या वहाणांकडं बघत होते.

"कोणाच्याच हातात जात नाही," मामंजी म्हणाले. "किल्ली माझ्याजवळ राहते." आणि त्यांनी सदरा वर करून करदोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. ते मात्र अगदी खरं होतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज घेतला, पोच दिली. म्हणाला, जिल्ह्याच्या ठिकाणाहून, खांडव्याहून नक्कल येईल, मग नवा कागद. तोवर विनापरवान्याची बंदूक घरात ठेवता येणार नाही, मालखान्यात, म्हणजे कचेरीच्या कोठारात, जमा करा.

"किती दिवस?"

"आ जाएगी."

मामंजी गाडीपाशी आले. आम्ही दोघी उतरलो. त्यांनी गोधडी सोडली, बंदूक उचलली. काका म्हणाले, "दादा, महिन्याभरात येईल. कायदाच आहे तसा." मामंजी थांबले नाहीत. बंदूक घेऊन गेले आणि एक चिठ्ठी घेऊन आले. ती चिठ्ठी त्यांनी माझ्याकडं दिली, थेट. मी वाचली. त्यांनी मान हलवली, परत घेतली.

परतीच्या वाटेवर वारं सुटलं. गोधडी रिकामी पडली होती. कोस-दीड कोस गेल्यावर मामंजी बैलांकडं बघतच म्हणाले, "गोधडी घे अंगावर." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही कळलं की ते मला म्हणाले होते. मी घेतली. तिला बंदुकीच्या तेलाचा वास होता.

त्या साली टेकडीकडचं वावर निम्म्याहून जास्त आडवं झालं. घरातली माणसं आळीपाळीनं राखणीला गेली, पत्र्याचे डबे वाजवले, गोफणी मारल्या, बांधावर बोरीचे काटे रचले. डुकरांना चार दिवसांत कळलं की आवाज नुसताच आहे. गावात कुजबुज झाली की धाकट्या भावानंच चुगली करून बंदूक काढून घेतली. मामंजींनी ते खोडून काढलं नाही. माझं नाव घेण्यापेक्षा भावाचं जाऊ दिलं, की त्यांनाही तसंच वाटत होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. काका खरं सांगायला सांगून मोकळे झाले होते. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, कागद खरोखरच आला. फक्त तो आला तेव्हा खळं होऊन गेलं होतं. मामंजींचाही संशय खोटा नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही बाजारची ज्वारी खाल्ली. मला ताट वाढताना कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्या न बोलण्यानं मी वाळून गेले.

पुढच्या दसऱ्याला मामंजींनी बंदूक पाटावर ठेवली, नव्या कागदाचा पत्र्याचा डबा मात्र लांब, कोनाड्यात. मी तबक घेऊन आले तसे म्हणाले, "बंदुकीले लाव पाहिजे तेवढं. त्याले इथूनच हात जोड." आणि हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. पण किल्ली काही त्यांनी परत दिली नाही, सासूबाईंनाही नाही, मला तर नाहीच.

ती किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्या कमरेला राहिली. ते गेले तेव्हा सासूबाईंनी करदोटा तोडून ती काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि माझ्या हातात ठेवली. "तूच वाच आता काय काय हाय ते."

तेराव्यानंतर मी पेटी उघडली. जमिनीचे कागद, बंदुकीचा परवाना, मालखान्याची ती जुनी चिठ्ठी. सगळ्याच्या तळाशी, चार घड्या घालून कापडात बांधलेला एक कागद होता. काकांनी लिहिलेला पहिला अर्ज. "घर की बहू की नादानी से," त्यावर आडवी रेघ, आणि रेघेखाली माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. अक्षर न येणाऱ्या माणसानं तो काकांच्या घरातून कधी उचलला आणि कशासाठी इतकी वर्षं जपला, कोण सांगणार? काकांच्या हाती राहू नये म्हणून उचलला असेल. की कधी कचेरीनं पुन्हा विचारलंच तर पुढं करायला, ही बघा, हिनं केलं, म्हणून ठेवला असेल? त्यांनी माझं नाव सरकारी दप्तरातून वाचवलं. ते माझ्यासाठी वाचवलं की बंदुकीसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सासूबाईंकडं बघूनच उत्तर दिलं असतं.

चूल पेटलेली होती. मी कागद घेऊन चुलीपुढं बसले. त्या घरानं मला अन्न दिलं, त्या माणसानं माझ्यासाठी भर कचेरीत खोटं सांगितलं, हे मी कुणालाही सांगेन. पण कागद मी जाळला नाही. कधी काय लागेल सांगता येत नाही. त्याच घड्या घातल्या, त्याच कापडात बांधला, पेटीच्या तळाशी ठेवला. मग कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली.